अकरा बीकर

स्कूटरचा हॉर्न त्या सकाळी नीट वाजला असता, तर मी मरेपर्यंत विद्वान राहिलो असतो. तो वाजेना, म्हणून मी शरणपूर रोडला गोटीरामच्या गॅरेजात थांबलो. गोटीराम आमच्या देवळ्याकडचा, बॅटऱ्या भरतो. त्यानं बॅटरी उघडली, पाणी पार आटलंय म्हणाला आणि आत गेला. मला उभं राहून वाट बघता येत नाही, हा माझा जुना दोष, म्हणून मीही त्याच्या मागं गेलो. आत कोपऱ्यात त्याची डिस्टिल्ड वॉटर काढायची घरगुती भट्टी होती: स्टोव्हवर बंद डबा, डब्याला नळी, नळीतून थेंब थेंब बाटलीत. सांध्यातून थोडं पाणी खाली शहाबादी फरशीवर गळत होतं, आणि तिथं फरशीला खड्डा पडला होता, चांगला अंगठा बुडेल एवढा. दोन हात पलीकडं बोअरच्या पाण्याचा नळ होता, तोही गळका. त्याच्याखाली मात्र पांढरं टेंगूळ चढलं होतं. फरशी तीच, गळणं तेच. मी विचारलं, हे असं का रे? गोटीराम बाटलीवरची नजर न काढता म्हणाला, "बोअरचं पाणी पोट भरेल असतं साहेब, ते थर सोडतं. हे पाणी उपाशी हाय. ज्याला लागंल त्याला खातं." सोळा वर्षं मी कॉलेजात भूशास्त्र शिकवतोय. शहाबादी म्हणजे चुनखडी, हे दर जूनमध्ये पोरांना सांगतोय. आणि डिस्टिल्ड पाणी चुना खातं, हे मला पंक्चरच्या ट्यूबा टांगलेल्या खोलीत कळलं. मी तिथल्या टायरवर बसलो. गोटीरामला वाटलं चक्कर आली. त्यानं चहा मागवला.

माझा उद्योग सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, एका खड्ड्यापायी हा माणूस एवढा का गळाला. अरबी समुद्राच्या तळाशी चिखल साठत असतो, हजार वर्षांत वीतभर. जहाजावरून लांब नळी त्या चिखलात खुपसतात आणि चिखलाचा अख्खा दांडा वर काढतात. जेवढं खाली, तेवढं जुनं. त्या चिखलात खसखशीहून बारीक शिंपले असतात. पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशी जिवांची ती घरं, चुन्याची. नैऋत्येचा वारा जोरात सुटला की समुद्राचं खालचं गार पाणी वर येतं आणि त्या पाण्यात त्यातली एक जात बेसुमार वाढते. तिचं शास्त्रीय नाव बुलॉइडिस. चार फुगे एकमेकांना चिकटवावेत तशी दिसते, म्हणून आमचा लॅब अटेंडंट सहादू तिला चौफुगी म्हणायचा. चिखलाच्या ज्या थरात चौफुगी जास्त, त्या काळी वारा जोरात आणि पाऊस भरपूर. चौफुगी कमी, तर पाऊस रुसलेला. प्रत्येक नमुन्यातले तीनशे शिंपले मायक्रोस्कोपखाली, ओल्या ब्रशच्या टोकानं, एकेक उचलायचे, ओळखायचे, मोजायचे. फुटके धरायचे नाहीत, फक्त अख्खे. बस, एवढंच. चिखल मोजून पाऊस सांगायचा. चौफुगीची भिंत पातळ असते आणि बाकीच्या काही जातींची जाड, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माहीत असून मी त्यावर आठ वर्षं बसून राहिलो.

आता पाण्याचं सांगतो. पहिल्या वर्षाला असताना केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मी कुणी बघत नाही असं पाहून डिस्टिल्ड वॉटर प्यायलो होतो, घटाघट, बीकरनं. त्याला चवच नव्हती. त्या पाण्याला गाव नव्हतं, आळी नव्हती, वरचा काठ नव्हता, खालचा काठ नव्हता. आमच्या गावात पाणी म्हटलं की आधी कुणाचं, हे यायचं. हे पाणी कुणाचंच नव्हतं आणि मी ते सगळ्यांच्या आधी प्यायलो होतो. हसाल तुम्ही, पण त्या दिवशी मला भरून आलं होतं. पुढं बहात्तरचं साल आलं. मी नाशकात, नळाच्या गावात, महिन्याच्या पगारावर. आई देवळ्याकडं सडकेच्या कामावर खडी फोडत होती आणि धाकटी मैना तिच्याबरोबर. मैना अकरा वर्षांची, शेंडेफळ. कॉलेजच्या परीक्षा आटपल्या की तुला नाशकाला आणतो, असं मी तिला दिवाळीत म्हटलं होतं. गावच्या विहिरीला तळाशी पाणी होतं, पण ते आमच्या वाटेला यायचं सगळ्यांचं झाल्यावर, आणि सगळ्यांचं होईपर्यंत विहीर संपलेली असायची. पोरं ओढ्यात खड्डा करून झिरपलेलं पाणी प्यायची. मैनाला ओकाऱ्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. तार मला पेपर तपासताना मिळाली. उरलेले पेपर मी तपासले आणि मग गेलो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, लताला, माझ्या बायकोलासुद्धा नाही.

तर अकरा बीकर. सत्त्याहत्तर सालची दिवाळी. पीएच.डी.साठी किनाऱ्यावरच्या एका संस्थेकडून मला चिखलाचे नमुने मिळाले होते. चिखल सुटा व्हावा म्हणून तो दोन दिवस पाण्यात भिजत ठेवायचा, मग बारीक चाळणीतून धुवायचा. आधीचे सगळे नमुने आम्ही कॉलेजच्या बागेतल्या विहिरीच्या पाण्यात भिजवले होते. सहादूच घागर आणायचा. त्या दिवाळीत डिपार्टमेंटला डिस्टिल्ड वॉटरचं नवं यंत्र आलं. काच कशी चकाकायची त्याची! मी जाहीर केलं, आजपासून विहीर बंद. सहादू माझ्या वडिलांच्या वयाचा, आमच्याच समाजाचा. बाहेर मी त्याला तात्या म्हणायचो आणि लॅबमध्ये सहादू. तो म्हणाला, साहेब, हिरीचंच असू द्या, पहिले सगळे त्याच्यातच भिजलेत, मधेच पाणी कशाला बदलता? बिनपगारी सल्ला नको, असं मी त्याला दोन पोरांसमोर सुनावलं. अकरा बीकर भरले, अकरा नमुने टाकले, आणि दुसऱ्या दिवशी कर्मचाऱ्यांचा संप झाला. लॅबला कुलूप. संप दीड महिना चालला. अकरा बीकर दीड महिना त्या कुणाच्याच नसलेल्या पाण्यात पडून राहिले आणि मी घरी बसून आलेख काढायचा कागद आखत होतो. संपानंतर सहादूनं ते नमुने धुतले, चाळणी उजेडात धरली आणि म्हणाला, "साहेब, माल कमी भरतोय." मी म्हटलं, तुझ्या हातून सांडला असेल. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग चाळणी ठेवली, हात पुसले, आणि निवृत्त होईपर्यंत माझ्या नमुन्यांना हात लावला नाही. मागल्या वर्षी तो वारला. मी मातीला गेलो होतो, खांदाही दिला.

त्या अकरा नमुन्यांत चौफुगी तिसावरून पार सातावर आली होती. शंभरात सात. अकरा नमुने म्हणजे त्या चिखलातली साडेपाचशे वर्षं. साडेपाचशे वर्षांचा दुष्काळ! मी मायक्रोस्कोपवरून मान वर केली तेव्हा माझे डोळे वाहत होते आणि मला वाटत होतं, समुद्र साक्षीला आला. बहात्तरला कुणी लिहून ठेवलं नाही ते समुद्रानं तीन हजार वर्षांपूर्वीचं लिहून ठेवलंय. असं वाटलेल्या माणसानं पुन्हा तपासायचं असतं, तेही दहादा. मी एकदाही तपासलं नाही. तपासायचं म्हणजे मैना परत एकदा मरायला हवी होती, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं; आज शब्दांत सांगताना ते खुळं वाटतं, तेव्हा ते छातीत होतं. माझे मार्गदर्शक वेणीमाधव सर स्लाइड बघून म्हणाले होते, शिंपले जरा खाल्लेले दिसतात हो. मी म्हटलं, खोल पाण्यात विरतात तसे, सर. ते म्हणाले, "असेल," आणि त्यांनी सही केली. पुढं सगळं धडाधड. पदवी, प्रपाठकपद, पेपरात फोटो. जुनी गावं खणणारे लोक व्याख्यानाला बोलवू लागले. समाजमंदिरात सत्कार झाला, डॉक्टर जयराम गांगुर्डे, फलकावर रंगीत खडूनं. आईला पहिल्या रांगेत बसवलं होतं. घरी येताना तिनं विचारलं, "दुष्काळ सापडला म्हणून हार घालतात व्हय?" आम्ही सगळे खूप हसलो.

आणि मग गर्गेबाई. मालिनी गर्गे, पंचवटीतली, वडील यात्रेकरूंचे विधी सांगणारे. आमच्याकडं तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवायची आणि त्र्याऐंशी साली माझ्याकडं पीएच.डी.ला नोंदली गेली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या घरातली मुलगी माझ्याकडं शिकायला आली, हे मी दोन-तीन ठिकाणी सहज सांगितल्यासारखं करून सांगितलं. तिला मी माझ्याच समुद्रातला, माझ्या जागेपासून थोडा दूरचा चिखल दिला. यंत्र तोवर बंद पडलेलं, म्हणून तिनं सगळं नळाच्या पाण्यात भिजवलं. वर्षभरानं ती तक्ता घेऊन आली. दुष्काळ नव्हता. तीस, एकतीस, एकोणतीस, अठ्ठावीस, सरळ रेघ. ती हळूच म्हणाली, सर, मी तुमच्या जुन्या स्लाइड काढून पाहिल्या, त्या अकरातले शिंपले मला खरबरीत वाटतात, भिजवताना काही झालं होतं का? मी म्हटलं, आधी मोजायला शिका. ती पुन्हा मोजून आली. पुन्हा तेच. त्या दिवशी स्टाफरूममध्ये चहा पिताना मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो की यांना अजून आमच्या हातचं पाणी चालत नाही बहुतेक. दोघं हसले. ती खिडकीत उभी होती, तिचे कान लाल झाले. त्यानंतर तिनं पाण्याचा विषय काढला नाही. कशी काढणार? तिच्या तोंडून निघाला असता तर तो पाण्याचा राहिलाच नसता. हे मला तेव्हाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच बोललो होतो. मी तिला तिसऱ्यांदा मोजायला लावलं. दोन वर्षांत तिला जाड चष्मा लागला. वडिलांना अर्धांगाचा झटका आला, घर तिच्या पगारावर, आणि पदवीशिवाय नेमणूक कायम होणार नाही असं संस्थेनं लेखी कळवलेलं. नोंदणीची मुदत त्या शुक्रवारी संपत होती. काम समाधानकारक झालं, असा माझ्या सहीचा दाखला जोडला नाही तर तीन वर्षं पाण्यात. आणि मी सही देणार नव्हतो. गोटीरामकडं थांबलो तो मंगळवार होता.

गॅरेजातून मी सरळ लॅबमध्ये गेलो, कपाट उघडलं, त्या अकरा स्लाइड काढल्या. आठ वर्षांत मी त्यांच्याकडं बघितलंच नव्हतं. आकड्यांकडं बघितलं होतं. आता बघितलं. जाड जाती उभ्या होत्या, पण त्यांचीही चकाकी गेलेली, खडूसारख्या. आणि त्यांच्या आजूबाजूला चुरा. अर्धे फुगे, पाव फुगे, नुसत्या कडा. चौफुगीच होती ती. होती! भरपूर होती, मेलेली नव्हती, आलेली होती, वारा सुटला होता, पाऊस पडला होता, साडेपाचशे वर्षं व्यवस्थित पडला होता. तिला मी बीकरमध्ये पाण्याला खाऊ घातलं आणि फुटके धरायचे नाहीत या नियमानं उरलेली पुसून टाकली. बाजूच्या वर्गात कुणीतरी खनिजांची कठिणता पाठ करून घेत होतं, पोरं एका सुरात म्हणत होती. मी स्लाइड परत खाचांत लावल्या, त्यांचा क्रम चुकला, परत काढल्या, परत लावल्या. मला मैनाचा चेहरा आठवेना. खूप प्रयत्न केला, तिच्या जागी नुसता आलेख यायचा, खाली पडणारी रेघ. आठ वर्षं मी तिच्या नावानं जे जपलं ते दीड महिन्याच्या कुलपाचं काम होतं. तिचा दुष्काळ खरा होता आणि माझा खोटा, आणि मी खोट्यावर प्रपाठक झालो होतो.

दुपारी जेवायला घरी गेलो आणि लताला सांगितलं. लता शाळेत शिकवते, तिला चार वाक्यांत कळलं. ती पोळी लाटत होती, लाटणं थांबलं. मला ठाऊक होतं ती कशाचा विचार करतेय, कारण सकाळपासून मीही तोच करत होतो: समाजमंदिरातला फलक, माझं नाव सांगून पोरांना अभ्यासाला बसवणाऱ्या बाया, आणि स्टाफरूममधले ते, जे मोठ्यानं काही म्हणणार नाहीत, नुसते भुवया उचलून म्हणतील, शेवटी काय, यांच्या पदव्या अशाच. शेवटी लता म्हणाली, "हे नाव तुमच्या एकट्याचं नाही. पण त्या बाईंचं आयुष्यही तुमच्या एकट्याचं नाही. सांगून टाका." ती पुन्हा पोळी लाटायला लागली. मी अर्धी पोळी खाल्ली आणि उठलो. वाटेत मला हलकं वाटत होतं, हे कबूल करतो. विद्यापीठाला लिहायच्या पत्राची वाक्यंसुद्धा जुळत होती, आणि त्या वाक्यांत मी बरा दिसत होतो. पत्र लिहायचं, गर्गेबाईंचे पहिले आकडे मान्य करायचे, जे होईल ते होईल. चाळीस वर्षांचा झालो तरी माणसाला स्वतःबद्दल केवढी हौस असते बघा.

साडेतीनला ती आली. नेहमीसारखी दारात थांबली, मी या म्हटल्यावर आत आली. टेबलावर तक्ता ठेवला, त्याच्यावर दाखल्याचा कागद, आणि म्हणाली, तिसऱ्यांदा मोजून झालं सर, सापडला. मी तक्त्यावर बघितलं. एकतीस, तीस, बारा, आठ, सात, सात, नऊ. अक्षर मोत्यासारखं, कुठं खाडाखोड नाही. दुष्काळ माझ्या दुष्काळाला पावलाला पाऊल लावून चालला होता, फक्त एका ठिकाणी एक टक्का कमी, खरं वाटावं म्हणून.

"गर्गेबाई," मी म्हटलं, "दुष्काळ नव्हता. माझे शिंपले पाण्यात विरले. डिस्टिल्ड पाण्यात दीड महिना पडले होते."

ती दचकली नाही. चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला.

"माहीत आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, मग हे आकडे? तिनं दाखल्याचा कागद माझ्याकडं सरकवला. मी भराभर बोलत सुटलो. तुमचे पहिले आकडे खरे आहेत, तेच द्या, मी आजच विद्यापीठाला कळवतो, माझा प्रबंध मी मागं घेतो, तुमचं नुकसान होऊ देणार नाही. ती ऐकत होती, परीक्षेत पोराचं पाठ केलेलं उत्तर ऐकावं तशी. मी थांबल्यावर तिनं शांतपणे विचारलं, "तुमचा प्रबंध गेला तर तुमची मार्गदर्शकाची मान्यता जाणार. मग शुक्रवारी माझी नोंदणी कुणाच्या नावावर असेल, सर?"

याचा मी विचार केला नव्हता. शपथेवर सांगतो, केला नव्हता. पत्राची वाक्यं जुळवताना त्यांत ती कुठंच नव्हती. दुसरे मार्गदर्शक, असं काहीतरी मी पुटपुटलो. पुण्याला दोघं होते आणि दोघांनीही माझा दुष्काळ आपापल्या निबंधांत घेतलेला होता. शिवाय तीन दिवस. तिलाही ते माहीत होतं, तिनं बोलूनही दाखवलं नाही.

"मी दोन वेळा खरे आकडे घेऊन या टेबलाशी उभी राहिले," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आता माझ्यात पुन्हा मोजायचं बळ नाही. घरी बाबांना कुशीवर वळवायला लागतं दर दोन तासांनी. सही करा सर."

मी पेन उघडलं. खरं सांगू? आतून कुठूनतरी सुटल्याचा निःश्वास आला, आणि त्या निःश्वासाची मला जेवढी शिसारी आली तेवढी त्या अकरा बीकरांचीही आली नव्हती. काम समाधानकारक, स्वतंत्र आणि मौलिक आहे, या छापील ओळीखाली मी सही केली. तारीख राहिली होती, ती तिनं बोटानं दाखवली, मी घातली. तिनं कागदावर फुंकर घातली, तक्त्यात घडी पडणार नाही असा ठेवला आणि जाता जाता, अगदी रिवाजाप्रमाणे, म्हणाली की प्रस्तावनेत आभार मानताना तुमचं नाव पहिलं घेतलंय. मी म्हटलं, छान. ती गेली. पुढच्या वर्षी तिला पदवी मिळाली, नेमणूक कायम झाली. त्या समुद्रात आता तो दुष्काळ दोन ठिकाणी नोंदलेला आहे, आणि एकाला दुसऱ्याचा आधार आहे.